विश्लेषण : न दिसणाऱ्या रक्तावरून कर्करोगाचा माग कसा लागला? ही वाट दाखवणारे डॉ. इस्मार बोआस कोण होते?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, धान्याचे प्रत्येक पोते उघडून कोणी पाहत नाही. पोकळ, टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे बाहेर काढायचे, तळहातावर पसरायचे आणि आतला माल कसा आहे ते सांगायचे. गहू असो की ज्वारी, एवढ्या नमुन्यावर भाव ठरतो. माणसाच्या पोटाबाबत काहीशी अशीच युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या एका डॉक्टराने मांडली. पोट उघडायचे नाही; शरीर स्वतःहून रोज जे बाहेर टाकते, तोच नमुना तपासायचा. डोळ्यांना जे रक्त दिसत नाही, ते त्यात आहे का हे रसायनाने बघायचे. या डॉक्टरांचे नाव इस्मार बोआस. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आज अनेक देशांत लोक घरच्या घरी विष्ठेची जी चाचणी करतात, तिचे मूळ त्यांच्या कामात आहे.

विषय किळसवाणा, मग त्यावर बोलायचे कशाला?

कारण या आजारात वेळ हाच सगळा प्रश्न आहे. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग जगात रुग्णसंख्येत तिसऱ्या आणि मृत्यूंत दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२० या एका वर्षात जगभरात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक माणसे दगावली. तरीही हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा मात्र हळूहळू कर्करोग होतो आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. या दहा वर्षांत दुखत नाही, गाठ हाताला लागत नाही, भूकही जात नाही. फक्त विष्ठा घासून पुढे सरकताना त्या कोंबातून अधूनमधून थोडेसे रक्त झिरपते. ते विष्ठेत इतके मिसळलेले असते की रंग बदलत नाही.

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार हा आजार आतड्यापुरताच असताना सापडला, तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला, तर सातांपैकी जेमतेम एक.

मार्केट यार्डासारख्या ठिकाणी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पहाटेपासून पाठीवर ओझे वाहणारा हमाल असो, दिवसभर गादीवर बसून हिशेब करणारा आडत्या असो, नाहीतर रात्रभर टेम्पो चालवून भाजी आणणारा चालक असो, शौचाच्या वेळी रक्त दिसले की निदान ठरलेले असते : मूळव्याध. तिखट कमी करायचे, ताक प्यायचे, औषधाच्या दुकानातून मलम आणायचे. अनेकदा ते निदान बरोबरही असते, आणि घोटाळा तिथेच होतो. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. मूळव्याधीचे रक्त डोळ्यांना दिसते, म्हणून दुसऱ्या, न दिसणाऱ्या रक्ताचा विचारच मनात येत नाही. बोआस यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला तो या दुसऱ्या रक्ताचा.

कोण होते इस्मार बोआस?

२८ मार्च १८५८ रोजी प्रशियाच्या पोझेन प्रांतात, एक्सिन नावाच्या लहान गावात, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते बर्लिनमध्ये आले आणि व्यवसाय करू लागले. तिथे कार्ल अँटोन एवाल्ड या नामांकित डॉक्टरांबरोबर त्यांना काम करायला मिळाले. जठरात नेमके काय चालते हा त्या वेळी मोठा प्रश्न होता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. आत कॅमेरा घालून पाहणे तर दूरच.

या दोघांनी १८८५ मध्ये एक साधी पद्धत काढली. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी एक पाव आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा फिकट चहा द्यायचा. (पुण्यात याला कोणी नाश्ता म्हणणार नाही.) तासाभराने नळी घालून जठरातले ते सगळे बाहेर काढायचे आणि आम्ल किती तयार झाले ते मोजायचे. एवाल्ड-बोआस चाचणी-न्याहारी या नावाने ही पद्धत पुढे कित्येक दशके जगभरातल्या रुग्णालयांत वापरली गेली. प्रत्येकाला तेच आणि तेवढेच खायला दिले, तरच दोन रुग्णांच्या पोटांची तुलना करता येते, हा त्यामागचा विचार. आज तो सरळ वाटतो, पण त्या काळी पोटाच्या दुखण्यांत अंदाजाचाच कारभार जास्त होता.

पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी बोआस यांनी बर्लिनमध्ये केवळ पचनविकारांसाठी बाह्यरुग्ण दवाखाना उघडला. एकाच अवयवसंस्थेचा डॉक्टर ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पटत नव्हती. चांगल्या वैद्याने संपूर्ण शरीर पाहावे, तुकडे पाडू नयेत, असे जुन्या प्राध्यापकांचे मत होते. बोआस यांनी वाद घालण्यापेक्षा रुग्ण तपासले आणि लिहिले. जठराच्या विकारांवर त्यांचा ग्रंथ आला, मग आतड्यांच्या विकारांवर. १८९५ मध्ये त्यांनी फक्त पचनविकारांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. या विषयाचे जगातले ते पहिले. बर्लिनच्या कार्गर प्रकाशनाने ते काढले. नाव बदलून, 'डायजेशन' या नावाने, ते आजही निघते. आज पोटाच्या डॉक्टरांना आपण गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट म्हणतो. ही स्वतंत्र शाखा उभी करणाऱ्यांत बोआस यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते.

कर्करोगाच्या मागे ते कसे लागले?

जठराचा कर्करोग तेव्हा युरोपात फार होता. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली होती. म्हणजे उपाय होता, पण रुग्ण सर्जनकडे पोहोचेपर्यंत गाठ पोटावरून हाताला लागत असे आणि तेव्हा उशीर झालेला असे. लवकर ओळख पटवणारी खूण हवी होती.

बोआस यांनी आधी जठरातल्या लॅक्टिक आम्लाकडे लक्ष दिले. कर्करोगाच्या रुग्णांत ते आढळते, असे त्यांना दिसले. त्यांच्याच दवाखान्यात काम करणारे ब्रुनो ओप्लर यांनी असे आम्ल तयार करणारे जिवाणू शोधले. त्यांना दोघांचे मिळून ओप्लर-बोआस असे नाव मिळाले. पण ही खूण फसवी निघाली. गाठीने वाट अडून अन्न जठरात कुजू लागले की हे आम्ल बनते. म्हणजे खूण खरी, पण ती आजार बळावल्यावर दिसणारी.

रक्ताचे तसे नव्हते. गाठ लहान असतानाही तिच्यातून रक्त येऊ शकते. प्रश्न एवढाच होता की ते दिसत नाही.

न दिसणारे रक्त ओळखायचे कसे?

याची रासायनिक किल्ली आधीच सापडली होती. इझाक व्हान डीन या डच शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये रक्त ओळखण्यासाठी ग्वायकम नावाच्या झाडाचा राळेसारखा डिंक वापरला. हे झाड कॅरिबियन बेटांकडचे. या डिंकाच्या द्रावणात ऑक्सिजन सोडणारा पदार्थ, आजच्या चाचणीत हायड्रोजन पेरॉक्साइड, घातला आणि तिथे रक्त असले की मिश्रण निळे होते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचा लोहयुक्त भाग असतो. तो ही क्रिया झपाट्याने घडवून आणतो. पुढे १८९३ मध्ये वेबर या जर्मन डॉक्टराने विष्ठेच्या नमुन्यासाठी या पद्धतीत सुधारणा केली.

म्हणजे बोआस यांनी रसायन शोधले नाही. त्यांचे काम वेगळे आणि, खरे पाहता, अधिक चिवट होते. १९०१ मध्ये एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी लेख लिहून सांगितले की पोटातला रक्तस्राव दोन प्रकारचा असतो : दिसणारा आणि सुप्त. सुप्त रक्तस्राव हा शब्द त्यांनी रुजवला. ही केवळ प्रयोगशाळेतली गंमत नाही, पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाची विष्ठा नेमाने, पुन्हा पुन्हा तपासली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या गोष्टीकडे पाहायला डॉक्टरही तयार नसत, तिला त्यांनी रोजच्या तपासणीत जागा दिली.

पुन्हा पुन्हा, यावर त्यांचा भर होता. एकच नमुना तपासून त्यांचे समाधान होत नसे. जठराच्या अल्सरमधले रक्त येते आणि थांबते. रुग्णाला विश्रांती आणि पथ्य दिले की चाचणी कोरी येऊ लागते. कर्करोगाच्या रुग्णात मात्र रक्त दिवसामागून दिवस सापडत राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. मोठ्या आतड्याच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडत नाही. तिथल्या पॉलिपमधून रक्त मधूनमधूनच येते. पण त्यामुळे नमुने अनेक दिवसांचे हवेत, हा मुद्दा उलट पक्काच होतो. भुसार बाजारातही एका पोत्यात नळी घालून सगळ्या ट्रकचा माल पारखत नाहीत.

मटण, मुळा आणि फ्लॉवरची अडचण काय होती?

ग्वायकमला हीम कळते, पण ते कोणाचे हे कळत नाही. रुग्णाने आदल्या दिवशी मटण किंवा कलेजी खाल्ली असेल, तर त्यातल्या रक्तानेही निळा रंग येतो. म्हणून बोआस रुग्णांना चाचणीच्या आधी काही दिवस मांसाहार बंद ठेवायला लावत.

मांसाहार बंद केल्यानेही भागत नाही, हे पुढे लक्षात आले. काही भाज्या-फळांमध्येच अशी विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात की ती हीमसारखेच काम करतात. मार्केट यार्डाच्या तरकारी आणि फळ विभागातून चक्कर मारली तर अशा संशयितांची यादी समोरच मांडलेली दिसेल : मुळा, सलगम, फ्लॉवर, ब्रोकोली, खरबूज. मुळ्याची कोशिंबीर खाऊन चाचणी केली, तर रक्त नसतानाही ते असल्याचा भास होऊ शकतो. बाजूच्याच गाळ्यावरचा आवळा, पेरू, संत्री यांचा परिणाम उलटा. त्यातले क जीवनसत्त्व जास्त पोटात गेले, तर ते रासायनिक क्रिया दाबते आणि रक्त असूनही कागद कोरा राहतो. त्यात पाठ-कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या रोज घेणारा माणूस असेल, तर त्या गोळ्यांनीच जठरातून थोडे रक्त जाते. ओझी उचलणाऱ्यांत अशा गोळ्यांची सवय असते, हे वेगळे सांगायला नको.

अशा सगळ्या वजाबाक्या करूनही चाचणी उपयोगी ठरते, असे बोआस यांचे म्हणणे होते. १९१४ मध्ये, ५६ व्या वर्षी, त्यांनी सुप्त रक्तस्राव या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जर्मनीतल्या पचनविकार तज्ज्ञांची संघटना आदल्याच वर्षी उभी राहिली होती आणि तिच्या संस्थापकांत ते होते. बाड होम्बुर्ग या गावी १९१४ च्या वसंतात तिची पहिली परिषद झाली. काही महिन्यांत पहिले महायुद्ध सुरू झाले.

शस्त्रक्रियेशिवाय मूळव्याध बरी करण्यासाठी अल्कोहोलचे इंजेक्शन देण्याच्या पद्धतीवरही त्यांनी काम केले. म्हणजे मूळव्याधीचे दिसणारे रक्त आणि कर्करोगाचे न दिसणारे रक्त, दोन्ही त्यांच्या टेबलावर होती.

जर्मनीने त्यांचे काय केले?

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला तेव्हा बोआस ७४ वर्षांचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ज्यू डॉक्टरांना आरोग्य विम्याच्या यादीतून काढायला सुरुवात झाली. वैद्यकीय संघटनांनी ज्यू सदस्यांना दूर केले. ज्यांनी त्या उभ्या केल्या, तेही त्यातून सुटले नाहीत. १९३५ मध्ये न्युरेम्बर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. आयुष्यातली पन्नासहून अधिक वर्षे ज्या शहरात रुग्ण तपासले, ते बर्लिन सोडून १९३६ मध्ये बोआस व्हिएन्नाला गेले. त्यांच्या नियतकालिकाचे प्रकाशक कार्गर हेही पुढच्याच वर्षी बर्लिनमधून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला निघून गेले.

व्हिएन्ना फार काळ सुरक्षित राहिले नाही. १२ मार्च १९३८ रोजी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. ज्यूंना रस्त्यावर गाठून, गुडघ्यांवर बसवून फरशा घासायला लावल्याचे प्रकार पहिल्या दिवसांतच सुरू झाले. १५ मार्चला हिटलरने व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झ चौकात प्रचंड जमावापुढे भाषण केले. त्याच तारखेला इस्मार बोआस यांनी आपले आयुष्य संपवले. ऐंशीव्या वाढदिवसाला तेरा दिवस उरले होते.

जर्मनीतली ती संघटना आज त्यांच्या नावाने तरुण संशोधकांना पुरस्कार देते आणि त्या काळात हाकलल्या गेलेल्या सदस्यांची चरित्रे शोधून प्रसिद्ध करते.

चाचणीचे पुढे काय झाले?

काही दशके ती रुग्णालयातच अडकून राहिली. ग्वायकमऐवजी १९०४ पासून बेन्झिडिन हे रसायन वापरात आले. ते फारच संवेदनशील होते. नंतर कळले की बेन्झिडिन हाताळणाऱ्यांनाच मूत्राशयाचा कर्करोग होतो. कर्करोग शोधायला आणलेल्या रसायनाचे हे असे निघावे!

खरे वळण आले ते १९६७ मध्ये. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले डॉ. डेव्हिड ग्रीगोर यांनी ग्वायकम लावलेला कागद पुठ्ठ्याच्या पाकिटात बसवला आणि तो रुग्णांना घरी दिला. तीन दिवस वेगवेगळ्या शौचाचा थोडासा नमुना काडीने त्यावर लावायचा आणि पाकीट परत पाठवायचे. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांत त्यांना अशा रीतीने कर्करोग सापडले. बोआस यांच्यापुढे आलेला माणूस आधीच आजारी असे. ग्रीगोर यांनी चाचणी निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या हातात दिली. चाळणी परीक्षण म्हणतात ते हेच.

तरी एक शंका उरतेच. रोग लवकर सापडला म्हणजे माणूस जास्त जगला असे नाही. त्याला आपला आजार फक्त आधी कळला, असेही असू शकते. याचे उत्तर मिळवायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ५० ते ८० वयाच्या ४६,५५१ लोकांवर अभ्यास झाला. काहींची दरवर्षी चाचणी, काहींची एक वर्षाआड, काहींची नाहीच. निष्कर्ष १९९३ मध्ये आले : दरवर्षी चाचणी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तेरा वर्षांच्या काळात ३३ टक्क्यांनी कमी. बोआस यांच्या लेखानंतर ९२ वर्षांनी पुरावा हाती आला. एका स्वस्त कागदाने एवढे साधावे, यावर तोवर अनेक तज्ज्ञांचाही विश्वास नव्हता.

आजची चाचणी वेगळी कशी?

आज बहुतेक ठिकाणी 'फिट' नावाची चाचणी वापरतात. तिच्यात ग्वायकम नाही. मानवी हिमोग्लोबिनलाच चिकटणारी प्रतिपिंडे तिच्यात असतात. त्यामुळे मटणातले रक्त तिला दिसत नाही, मुळा-फ्लॉवर तिला फसवत नाहीत आणि आवळा तिला दाबत नाही. पथ्यच नको. शिवाय जठरातून आलेले रक्त खाली पोहोचेपर्यंत त्यातली प्रथिने पचून जातात, म्हणून ही चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्यातलेच रक्त दाखवते. बोआस यांचा शोध जठरापासून सुरू झाला होता. त्यांची चाचणी आता जठर सोडून आतड्यात येऊन स्थिरावली आहे.

जपानने १९९२ मध्ये चाळिशीपुढच्या लोकांसाठी दोन दिवसांच्या नमुन्यांवर ही चाचणी देशभर सुरू केली. नेदरलँड्सने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१९ मध्ये ती स्वीकारली. तिथे ठरावीक वयाच्या माणसाला पोस्टाने छोटी कुपी येते. झाकणाला जोडलेली काडी विष्ठेत चार-पाच ठिकाणी टोचायची, कुपीत परत बसवायची, पाकिटात घालून पाठवायची. पाण्यात पडलेला नमुना चालत नाही, म्हणून आधी कागद अंथरून घ्यायचा. पाच मिनिटांचे काम.

एका वेळच्या चाचणीत साधारण दहापैकी आठ कर्करोग पकडले जातात. उरलेले दोन निसटतात, म्हणूनच ती वर्षाने किंवा दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. लहान पॉलिप तर तिला बरेचदा कळतच नाहीत. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला, असेही नाही. अशा शंभरांत कर्करोग मोजक्याच जणांना निघतो, पॉलिप त्याहून बऱ्याच जणांना. पण पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासणे, टाळले तर चाचणी केली काय आणि न केली काय, सारखेच. १९६९ पासून दुर्बिणीतूनच पॉलिप काढून टाकता येतो. आत लपलेल्या आतड्यात अशी दुर्बीण घालण्याची सोय बोआस यांच्या काळात नव्हती.

आपल्याकडे ही चाचणी का होत नाही?

प्रयोगशाळांत ती मिळते, पण सरकारी कार्यक्रमात ती नाही. तिशीपुढच्या नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात कमी आढळतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कोलोनोस्कोपीचे. लाखो लोकांची चाचणी केली तर पॉझिटिव्ह आलेल्या हजारोंची दुर्बीण तपासणी करायला तेवढे डॉक्टर आणि केंद्रे लागतात. आपल्याकडे जंतांमुळे, विशेषतः आकडेकृमीमुळेही, आतड्यातून रक्त जाते, ही आणखी एक गुंतागुंत.

पण गावोगाव जाऊन चाळणी परीक्षण करणे महाराष्ट्राला नवे नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळले.

सरकारी कार्यक्रम नसताना निर्णय माणसाला आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा लागतो. अमेरिकेत २०२१ पासून तपासणी ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगतात, पूर्वी हे वय ५० होते. आई, वडील किंवा भावंडांत कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर विष्ठेच्या चाचणीवर न थांबता थेट कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो, तोही लवकरच्या वयात. आणि ज्याला रक्त डोळ्यांनी दिसते आहे, शौचाची सवय बदलली आहे, वजन उतरते आहे किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन घटले आहे, त्याच्यासाठी ही चाचणी नाहीच. तिचा उपयोग तक्रार नसलेल्यांसाठी. तक्रार असलेल्याने, मूळव्याध आहे हे माहीत असले तरी, सरळ डॉक्टरांकडे जायचे असते.

फिट चाचणीला पथ्य नसले तरी एक गोष्ट तिला सोसत नाही, ती म्हणजे उन्हाळा. उष्णतेत नमुन्यातले हिमोग्लोबिन विघटन पावते आणि असलेले रक्तही नसल्यासारखे होते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात चाचणी करायची झाली, तर कुपी दुचाकीच्या डिकीत किंवा गाळ्यावर उन्हात ठेवून चालत नाही. ती घरी फ्रिजमध्ये ठेवावी आणि प्रयोगशाळेत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवावी.